माकड-मृत्यू नोंद प्रकल्प : दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातील एका हंगामाच्या नोंदी

२ नोव्हेंबर

भातकापणी आटोपत आली आहे आणि पहाटेचे दव पडू लागले आहे. या हंगामाच्या नोंदी आजपासून सुरू करीत आहे. आमचा गट चौघांचा आहे : मी पशुवैद्यक, एक आरोग्य सेविका, निवृत्त झालेले एक वनरक्षक काका आणि प्राणिशास्त्र शिकणारा एक विद्यार्थी. काम एकच आहे. पट्ट्यात कोठेही वानर किंवा लाल तोंडाचे माकड मेलेले आढळले, तर ती बातमी त्याच दिवशी आमच्यापर्यंत पोहोचावी, जागा राखली जावी आणि शक्य झाल्यास नमुना पुण्याला जावा.

या कामामागचा इतिहास दरवर्षी पहिल्या पानावर लिहितो, कारण गटात नवा माणूस आला की त्याला तो येथेच वाचायला मिळतो. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि त्यामागोमाग आसपासच्या गावांतील माणसे तापाने आजारी पडली. जंगलात माकडे मरतात आणि गावात ताप येतो, ही जोडी पाहून प्रथम पीतज्वराची (यलो फीवरची) शंका घेतली गेली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपास केला, तेव्हा हा गोचिडींमार्फत पसरणारा नवाच विषाणू असल्याचे सिद्ध झाले. त्या जंगलावरून आजाराला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे नाव पडले; आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात. त्यानंतर अनेक दशके हा आजार कर्नाटकातील पाच जिल्ह्यांचा आजार मानला जात होता. २०१२ च्या अखेरीस तो त्या जिल्ह्यांबाहेर, दक्षिण कर्नाटकातील बंदीपूरला दिसला, २०१३ मध्ये केरळातील वायनाडला, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यातील पाळी गावी आणि २०१६ च्या सुरुवातीला आपल्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावी. पुढच्याच वर्षी बांदा परिसरातही रुग्ण आढळले.

२०१६ पूर्वी मी याच भागात काम करीत होतो. मेलेली माकडे मी पाहिली होती. विजेचा धक्का बसला असेल, कुत्र्यांनी धरले असेल, असे समजून मी पुढे गेलो आणि त्यांपैकी एकाचीही तारीख कोठे लिहून ठेवली नाही. ती माकडे कशाने मेली हे आता कोणालाच सांगता येणार नाही. हा प्रकल्प मी त्या न लिहिलेल्या तारखांसाठी चालवतो.

९ नोव्हेंबर

नोंदीचा कागद पुन्हा नव्याने केला. गेल्या वर्षीच्या कागदावर एकवीस रकाने होते आणि ते पूर्ण भरलेला एकही कागद परत आला नाही. आता सहाच प्रश्न ठेवले आहेत : वानर की लाल तोंडाचे माकड, शेवटचे जिवंत कोणी व कधी पाहिले, अंगावर जखम आहे का, जवळून विजेची तार जाते का, त्याच कळपातील आणखी कोणी गेल्या पंधरा दिवसांत मेले का, आणि तेथून माणसांची वाट किती अंतरावर आहे.

विद्यार्थ्याने विचारले की आपण माकडेच का मोजतो, उंदीर आणि चिचुंद्र्या का नाही, कारण विषाणू तर त्यांच्यातही सापडतो. प्रश्न रास्त आहे. जंगलातील उंदीर, चिचुंद्री यांच्या अंगावर गोचिडींची पिले वाढतात आणि विषाणूही त्यांच्यात फिरत राहतो, पण ते प्राणी सहसा आजारी दिसत नाहीत. गुरांच्या रक्तावर मोठ्या गोचिडी पोसल्या जातात, मात्र गुरांमध्ये विषाणू फारसा वाढत नाही. माकडाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो, ते आजारी पडते आणि बहुधा मरते. जंगलाच्या आत मूकपणे चाललेले हे चक्र डोळ्यांना दिसेल असे फक्त माकडाच्या मृत्यूतच उघडे पडते. शिवाय माकड मेले आणि अंग थंड पडू लागले की त्याच्यावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूच्या पातेऱ्यात, म्हणजे वाळल्या पानांत, पसरतात. म्हणजे जेथे माकड पडले ती जागाच पुढचे काही दिवस सर्वांत धोक्याची असते. ज्या मृत्यूने इशारा मिळतो त्याच मृत्यूने धोका वाढतो, आणि ही गोष्ट गावात समजावून सांगणे सोपे नाही.

१७ नोव्हेंबर

आज एका ग्रामपंचायतीत बैठक झाली. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. या आजाराच्या नावातच एका जंगलाचे नाव कायमचे अडकले आहे, आणि आपल्या गावाचे तसे होऊ नये अशी लोकांची इच्छा असणे स्वाभाविक आहे. काजूचे व्यापारी गावाचे नाव ऐकून भाव पाडतील, पाहुणे यायचे थांबतील, अशी भीती तीन जणांनी बोलून दाखवली. त्यावर गावांना क्रमांक द्यायचे आणि बाहेर जाणाऱ्या कागदावर फक्त क्रमांकच लिहायचा, असे ठरले. आरोग्य विभागाला मात्र गाव कळवावेच लागेल, हेही त्याच बैठकीत स्पष्ट सांगितले. ते सांगितले नसते तर पुढे विश्वास तुटला असता.

मृत माकड कळवण्यास लोक का कचरतात, याची दोन कारणे आज समोर आली आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पहिले बागायतदारांचे. वानर आणि माकडे नारळ, केळी, काजू, पेरू काहीही ठेवत नाहीत आणि त्यांच्यावरचा लोकांचा राग खरा आहे. अशा वेळी स्वतःच्या बागेत माकड मेलेले सापडले तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्यावरच विषप्रयोगाचा संशय येईल, या धास्तीने माणूस ते गुपचूप गडग्यापलीकडे फेकून देतो किंवा पुरून टाकतो. दुसरे कारण श्रद्धेचे. वानर म्हणजे मारुतीरायाचे रूप. ते मेले की हळद-कुंकू वाहतात, नवे वस्त्र पांघरतात, खांद्यावरून नेऊन पुरतात, काही ठिकाणी तेरावेही घालतात. अशा वेळी त्या देहाच्या अगदी जवळ पन्नास माणसे, त्यांत लहान मुलेही, अनवाणी उभी असतात.

वनरक्षक काकांनी या दुसऱ्या मुद्द्यावर जे सांगितले ते मला महत्त्वाचे वाटले. त्यांच्या मते ज्या गावात वानराला माती देतात, त्या गावात वानर मेलेले कधीच दुर्लक्षित राहत नाही, आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. म्हणून श्रद्धेला विरोध करायचा नाही, फक्त क्रम बदलायला सांगायचा. आधी फोन करायचा, मग दुरूनच नमस्कार करायचा आणि देहाला हात लावण्याचे काम हातमोजे, गमबूट घातलेल्या माणसांवर सोपवायचे. अग्नी देऊ, पण फुले दहा पावलांवरूनच वाहा, असे त्यांनी बैठकीत सांगितले तेव्हा देवळाच्या गुरवांनी मान डोलावली. बागायतदारांना आम्ही लेखी दिले की आमच्या कागदावर बागेच्या मालकाचे नाव घेतले जाणार नाही.

२८ नोव्हेंबर

गोचिडींसाठी पहिली चादर फिरवली. पांढऱ्या फलालीनचा साधारण मीटरभर तुकडा काठीला बांधून जमिनीवरून सावकाश ओढत न्यायचा आणि दर दहा पावलांनी उलटून पाहायचा, एवढेच हे तंत्र आहे. जागा काजूच्या बागेची आणि जंगलाची सीमा, जेथे पातेरा घोट्यापर्यंत साचला होता. पहिल्या तीन वेळा कापडावर नुसती धूळ आणि गवताची कुसळे. चौथ्या वेळी तिळापेक्षा लहान, तांबूस करड्या रंगाचा ठिपका दिसला आणि मी तो कुसळाचा तुकडा समजून झटकणार होतो, तेवढ्यात तो चालू लागला. भिंगाखाली धरल्यावर आठ पाय दिसले. सहा पाय असते तर नुकतीच अंड्यातून बाहेर आलेली अवस्था म्हटली असती. आठ पाय आणि एवढा लहान आकार म्हणजे मधली, निम्फ म्हणतात ती अवस्था, आणि माणसाला मुख्यतः हीच चावते. नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत तिचे दिवस असतात. विद्यार्थ्याला मी तो ठिपका पाच मिनिटे नुसता पाहायला सांगितला. चावलेली जागा दुखत नाही, म्हणून लोक म्हणतात की आम्हाला गोचीड लागलीच नाही. लागलेली दिसत नाही, हे त्यांना सांगण्यासाठी हा ठिपका स्वतः पाहिलेला असावा लागतो.

१४ डिसेंबर

आज बाहेर जाणे झाले नाही. कोल्ह्यांवरचे वाचन पूर्ण केले आणि त्यातील एक मुद्दा आमच्या कामाला थेट लागू आहे, म्हणून टिपून ठेवतो.

युरोपात लाल कोल्ह्याच्या आतड्यात एक अगदी छोटा पट्टकृमी राहतो. कोल्ह्याला त्याचा विशेष त्रास होत नाही, पण त्याची अंडी रानातील फळांवरून किंवा कुत्र्यांमार्फत माणसाच्या पोटात गेली तर यकृतात गाठ वाढत जाते आणि ती कर्करोगासारखी वागते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत पाच ते पंधरा वर्षे जाऊ शकतात. स्वीडनमध्ये हा कृमी नव्हता, तरी तेथील यंत्रणा शिकाऱ्यांनी मारलेल्या कोल्ह्यांची तपासणी वर्षानुवर्षे करीत राहिली, आणि २०११ च्या सुरुवातीला देशातील पहिला बाधित कोल्हा सापडला. माणसे आजारी पडण्याची वाट पाहिली असती, तर कृमी पोहोचल्याचे दहा वर्षे उशिराने कळले असते.

कोल्ह्याच्या बाबतीत प्राण्याने दिलेली सवड वर्षांची आहे. आपल्या माकडतापात गोचीड चावल्यापासून तीन ते आठ दिवसांत ताप चढतो. म्हणजे मेलेल्या माकडाने दिलेली सवड फार तर काही दिवसांची, फार झाले तर दोन-तीन आठवड्यांची. कोल्ह्याची तपासणी महिनाभर उशिरा झाली तरी तिचे मोल टिकते. माकडाची बातमी चार दिवस उशिरा आली तर तो इशारा राहत नाही, नुसती नोंद होते. म्हणून आमच्या कामात प्रयोगशाळेपेक्षा फोन आधी येतो.

६ जानेवारी

गाव क्रमांक ४ मध्ये वानर मेल्याचे आज कळले. ते मेले होते तीन तारखेला. गावकऱ्यांनी त्याच संध्याकाळी भजन करून त्याला पिंपळाजवळ पुरले होते आणि सुमारे तीस माणसे जमली होती. फोन आम्हाला आला तो तिसऱ्या दिवशी, तोही एका मुंबईकर चाकरमान्याकडून, ज्याला गावातून त्या भजनाचा व्हिडिओ आला होता.

पुरलेला देह उकरण्यात अर्थ नव्हता, तो कुजला होता आणि लोकांच्या भावना दुखावल्या असत्या. म्हणून वानर जेथे पडले होते त्या जागेभोवती चादर फिरवली, सापडलेल्या गोचिडी बाटलीत घातल्या आणि बर्फाच्या पेटीतून रवाना केल्या. येथून पुणे साडेतीनशे किलोमीटरहून अधिक आहे. पेटी वाटेतील एका कार्यालयात शनिवार-रविवार पडून राहिली आणि पोहोचली तेव्हा बर्फाचे पाणी झाले होते. कोणाला दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. पुढच्या वेळी पेटी रविवारी वाटेत असेल अशी कधीही पाठवायची नाही आणि सोबत आमचा माणूस जाईल, हे ठरले म्हणून लिहिले.

तिसांपैकी अठ्ठावीस जणांची यादी आरोग्य सेविकेने दोन दिवसांत केली. रोज सकाळी घरी जाऊन ताप विचारायचा, असे पंधरा दिवस. अचानक चढणारा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून येणे. यांपैकी काहीही आढळले तर त्याच दिवशी रक्ताचा नमुना घ्यायचा, कारण पहिल्या दिवसांत रक्तात विषाणू थेट सापडतो आणि पुढे प्रतिद्रव्यांवर अवलंबून राहावे लागते.

२२ जानेवारी

पंधरा दिवस पूर्ण झाले. दोघांना ताप आला होता, दोघांच्याही चाचण्या निगेटिव्ह आल्या. गाव क्रमांक ७ मध्ये मेलेले सापडले ते माकड विजेच्या तारेवर होरपळलेले होते, तशी खूण हातावर स्पष्ट दिसली. तरीही कागद भरला.

१९ फेब्रुवारी

काजूचा हंगाम भरात आहे. आज दिवसभर एका बागेत बसून फक्त पाहिले. सकाळी सातला बाया येतात, झाडाखाली उकिडव्या बसतात, पातेऱ्यात हात घालून गळलेली बोंडे उचलतात, बी पिळून वेगळी करतात आणि बोंडे बाजूला टाकतात. दहाच्या सुमारास त्या मांगरात भाकरी खायला गेल्या आणि पाच मिनिटांत माकडांचा कळप त्याच झाडाखाली उतरला. तीच बोंडे, तोच पातेरा. जंगल आणि बाग यांच्यात अंतर असते असे आपण कागदावर लिहितो, पण त्या झाडाखाली ते अर्ध्या तासाचेही नव्हते.

कर्नाटकच्या दक्षिण कन्नड जिल्ह्यात १९८२ च्या सुमारास काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडले गेले, त्यानंतर तेथे माकडे मेली आणि या आजाराची फार मोठी साथ आली. गोव्यात आणि आपल्याकडे आजार पोहोचला तोही काजू वेचण्याच्या दिवसांत. काजूला मी दोष देत नाही. या भागातील निम्म्या घरांचे वर्ष त्यावर चालते आणि बागायतदार हंगामाआधी झाडाखालचा पातेरा झाडून काढतातच, बी दिसावी म्हणून. तेच झाडणे नोव्हेंबरमध्ये एकदा आणखी करावे, कामावर जाताना हातापायांना गोचिडींना दूर ठेवणारे डीएमपी तेल लावावे आणि घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करावी, एवढे आम्ही सांगतो. पूर्वीची लस आता वापरात नाही आणि नवी अजून गावापर्यंत आलेली नाही, त्यामुळे सध्या हाताशी आहे ते हेच.

भाकरी खाताना एक म्हातारी बाई म्हणाल्या की त्यांची आजी ‘उंदीर पडले’ असा शब्द वापरायची. मला तो शब्द ऐकून अंगावर काटा आला. १८९६ ला मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला, तेव्हा घरात उंदीर पडू लागले की लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. १८९८ मध्ये फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमोन यांनी प्लेग उंदरावरून माणसाकडे पिसवांमार्फत पोहोचतो हे दाखवले. त्यांच्या लक्षात आले होते की नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारा आजारी पडतो, जुन्या मेलेल्याला लावणारा पडत नाही, कारण तोवर पिसवा निघून गेलेल्या असतात. उंदीर पडले की घर सोडायचे, हे शास्त्राने सांगण्याआधी आपल्या लोकांना माहीत होते. त्या बाईंना मी विचारले की वानर पडले तर काय कराल. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, फोन नंबर लिहून द्या.

११ मार्च

गाव क्रमांक २, ५ आणि ९ येथून हंगामभर एकही बातमी आलेली नाही. नकाशावर ही गावे पांढरी दिसतात आणि पाहणाऱ्याला ती सुरक्षित वाटतील. तसे मानायला मी तयार नाही. आज तिन्ही गावी जाऊन आलो. गाव क्रमांक ५ मध्ये वानरांचे कळपच उरलेले नाहीत, म्हणजे इशारा देणारा प्राणीच तेथे नाही, गुरे आणि उंदीर मात्र आहेत. गाव क्रमांक ९ मध्ये आमच्या माणसाचा फोन दोन महिन्यांपासून बंद होता. खरोखर शांत म्हणता येईल असे गाव एकच निघाले. यापुढे ‘मृत्यू नाही’ आणि ‘बातमी नाही’ हे दोन वेगळे रकाने असतील, आणि प्रत्येक गावी महिन्यातून एकदा आमच्याकडून फोन जाईल.

२६ मार्च

सकाळी सहा चाळीसला फोन आला. फेब्रुवारीत भेटलेल्या त्याच बाई होत्या. ‘‘डॉक्टरांनू, वांदर पडलाहा. कोणी हात लावूक नाय, काटे घालून ठेवलंय.’’

आठच्या आत पोहोचलो. वाटेवरून पंचवीस पावले आत, फणसाखाली वानराची मादी पडली होती, अंगावर जखम नाही, आसपास तार नाही. त्या बाईंनी करवंदीच्या काट्यांच्या फांद्या तोडून भोवती कुंपण घातले होते आणि वाटेच्या दोन्ही तोंडांशी पळसाची फांदी आडवी टाकली होती. बाजूला, कुंपणाबाहेर, जास्वंदीचे एक फूल ठेवलेले होते. कुंपण घालायला गेल्या होत्या म्हणून त्यांना आधी कपडे बदलून अंघोळ करायला पाठवले आणि त्यांचे नाव ताप विचारण्याच्या यादीत पहिले लिहिले.

पूर्ण पोशाख घालून शवविच्छेदन केले. कानाच्या पाळीच्या आत आणि काखेत गोचिडी अजून चिकटलेल्या होत्या, म्हणजे मृत्यू होऊन फार वेळ झालेला नव्हता. मेंदू, यकृत, प्लीहा यांचे नमुने बर्फात घेतले आणि विद्यार्थी स्वतः पेटी घेऊन दुपारच्या गाडीने निघाला. देहाला वनरक्षक काकांनी अग्नी दिला. बंदीपूरला मेलेली माकडे जाळणारे वनकर्मचारीच आजारी पडले होते, हे लक्षात ठेवून लाकडे आम्ही बाहेरून आणली, तेथील पातेऱ्याला हात लावला नाही. पन्नास मीटरच्या परिघात फवारणी आरोग्य विभागाने संध्याकाळपर्यंत केली. फोनपासून फवारणीपर्यंत अकरा तास लागले. जानेवारीत तीन दिवस नुसते कळायलाच लागले होते.

१२ एप्रिल

अहवाल आला, माकडतापासाठी निगेटिव्ह. मादी कशाने मेली ते या नमुन्यांतून कळलेले नाही. यादीतील कोणालाही ताप आला नाही.

बाईंना अहवाल वाचून दाखवला. आपण उगाच त्रास दिला का, असे त्यांनी विचारले. मी त्यांना कागद दाखवला, ज्यावर तारीख, वेळ, प्राणी, जागा आणि वाटेपासूनचे अंतर लिहिलेले आहे, आणि सांगितले की या पट्ट्यात इतक्या वेळेवर आलेला हा पहिला कागद आहे. काटे काढू का, असे त्यांनी विचारले. पहिला पाऊस पडून जाईपर्यंत राहू द्या, असे सांगितले. जागेला क्रमांक १४ दिला आहे. नोव्हेंबरमध्ये पहिली चादर तेथेच फिरवायची आहे.